कठडा कुठल्याच फोटोत नाही

ठाकूरद्वारच्या नाक्यावर आमच्या वाडीचं नाव सांगून फारसा उपयोग होत नाही. ‘गॅलरीवालं घर’ म्हटलं की पानवाला हातातलं पान खाली न ठेवता हनुवटीने दिशा दाखवतो. तळमजला, वर एक मजला, मंगलोरी कौलं, बाहेरच्या अंगाने चढणारा लाकडी जिना आणि वरच्या मजल्याच्या पूर्ण लांबीची, दक्षिणेला तोंड असलेली गॅलरी. घर आमच्या पणजोबांनी बांधलं. ते गोदीतल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी गॅलरीवर हात सैल सोडला आणि स्वयंपाकघर अंधारं ठेवलं, असं या घरात नांदायला आलेल्या प्रत्येक बाईने म्हटलेलं आहे.

घर प्रेक्षणीय व्हावं म्हणून कोणी काही केलं नाही. शेजारपाजारची तशीच घरं एकेक करून पडली, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि उरलेलं एक घर आपोआप ऐतिहासिक झालं. बिल्डरांचे निरोप आमच्याकडेही येत होते. आम्हा चुलत भावंडांचं एकमत होण्याचा प्रसंग आजवर एकदाच आला, आणि तो घर न विकण्याबद्दल होता. मग ट्रस्ट झाला, घर वारसा वास्तूंच्या यादीत गेलं, आणि रविवारी सकाळी टोप्या घातलेले, पाण्याच्या बाटल्या घेतलेले लोक घोळक्याने समोर येऊन उभे राहू लागले. त्यांच्यासोबत एक माहिती सांगणारी मुलगी असते. ती सांगते त्यातलं बरंचसं खरं असतं.

ट्रस्टचं अध्यक्षपद मोठ्या चुलतभावाकडे गेलं. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. तो निवृत्त इंजिनियर, ठाण्याला राहतो आणि कुठलीही गोष्ट ‘एक मुद्दा’ म्हणून सुरू करतो. मी वर्तमानपत्रात नोकरी केलेली, त्यामुळे सभांचं इतिवृत्त लिहिण्याचं काम न विचारता माझ्याकडे आलं. प्रत्यक्ष घरात राहणारी माणसं मात्र दोनच: धाकटे काका आणि काकू. काका बँकेतून निवृत्त झाले आहेत. पाहुण्यांना घर दाखवणं हा त्यांचा आवडता उद्योग. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिना उतरणं सणावारापुरतं उरलं आहे.

गॅलरीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं.

टॉवर आले तशी वाडीतल्या चाळींच्या गच्च्या, अंगणं, पुढचे ओटे यांवर सावली पसरत गेली. आमच्या दक्षिणेला एक देऊळ आहे. त्याच्या आवारात कोणाला काही बांधता आलेलं नाही. त्यामुळे सकाळच्या दुसऱ्या चहापासून दुपारची झोप होईपर्यंत वाडीतलं सगळं ऊन आमच्या गॅलरीत असतं. ते इतरांनी वापरायचं ही पद्धत कोणी ठरवल्याचं आठवत नाही. होळी झाली की बायका जिना चढून येऊ लागतात. कोणाचे पोह्याचे पापड, कोणाच्या साबुदाण्याच्या पापड्या, कोणाचे सांडगे. समोरच्या चाळीतल्या मालवणी मावशी, ज्यांचे यजमान गिरणीत होते आणि मुलगा आता विमानतळावर आहे, लालबागहून वर्षाच्या मसाल्याची मिरची आणतात आणि डंकावर कुटायला नेण्याआधी आमच्याकडे कडक करून घेतात. ज्याची त्याची खूण म्हणजे खाली अंथरलेलं जुनं लुगडं किंवा चादर. काठ पाहून काकू सांगू शकतात की कुरडया कोणाच्या. ऊन सरकतं तसं सगळं पश्चिमेकडे सरकवायचं, कोणाचंही असो. मध्ये जागा उरली तर गोधड्या आणि उशा. कठड्यावर तर बारा महिने काही ना काही असतंच.

या काळात काकूंना खाली उतरावं लागत नाही. वाडीच वर येते. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या खोलीचा सौदा झाला, कोणत्या दुकानातल्या साबुदाण्याचा यंदा चिखल होतोय, हे त्यांना खाली राहणाऱ्यांच्या आधी कळतं. मी बातमीदारी करत होते त्या काळात माझ्याकडे असा एखादा माणूस असता तर बरं झालं असतं.

ट्रस्टने देणग्या जमवून घराची दुरुस्ती काढली. ते काम निम्म्यावर आलं तेव्हा वरच्या मजल्यावर काकूंच्या मधल्या खोलीत ट्रस्टची सभा झाली. आर्किटेक्ट आली होती. दादरची, तिशीतली, जुन्या इमारतींचंच काम करणारी. तिचं पहिल्या दिवसापासून एकच तत्त्व होतं, आणि ती ते सगळ्यांना सारखंच ऐकवायची: “पुराव्यात असेल तेच ठेवायचं. पुराव्यात नसेल ते आपल्या मनाने जुनं बनवायचं नाही.” काकांना ही मुलगी फार आवडत असे आणि तिची थोडी भीतीही वाटत असे. ते तिला मॅडम म्हणत.

चहा झाल्यावर दादाने चष्मा पुसला.

“एक मुद्दा,” तो म्हणाला. “काम पूर्ण झालं की दर्शनी गॅलरी मोकळी ठेवायची. वाळवण, गोधड्या, कपडे, काही नाही. लोक घर बघायला येतात. पापड बघायला येत नाहीत.”

“पापड बघायला कोण येतंय?” काकू दारातून म्हणाल्या. “खायला येतात. तू नाही का येत?”

सगळे हसले. दादा हसला नाही.

“काकू, मी थट्टा करत नाहीये.”

“मी तरी कुठे करतेय?”

“मागच्या खोलीत घाला ना. पंखा लावून देतो मोठा.”

“पंख्याखाली पापड वाळत नाही रे, नुसता गारठतो.”

इथे काकांनी मध्ये पडण्याची चूक केली. “अगं, जाऊ दे ना. हल्ली बाजारात सगळं तयार मिळतं.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी ते प्यायले.

मुद्दा हात वर करून मंजूर झाला. मी तो इतिवृत्तात घेतला. दादाचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. देणगीदारांना जी चित्रं दाखवली होती त्यांत गॅलरी रिकामी, स्वच्छ, कडेला एक कुंडी, अशी होती. कुंडीसुद्धा चित्र काढणाऱ्याने स्वतःच्या मनाने घातली होती.

सभा संपल्यावर मी काकूंकडे गेले. त्या खुर्ची घेऊन गॅलरीच्या दारात बसल्या होत्या. गॅलरीत परांच्या बांधलेल्या होत्या आणि सुताराची माणसं लाकूड तासत होती.

“मी बदलापूरला जाते,” त्या म्हणाल्या. “लेक कधीपासून बोलावतेय. तिच्या गच्चीवर ढीगभर ऊन आहे.”

“किती दिवस?”

“कायमची. इथे राहून करू काय? जिना मला उतरवत नाही, आणि वर यायला कोणाला कारण उरणार नाही. घराला कुलूप लावा आणि तिकीट ठेवा. तुझ्या काकांना दाराशी बसवा, फाडतील तिकिटं.”

आतून काका म्हणाले, “मी काय तुझ्याशिवाय इथे राहणार आहे का?”

“मग तुम्हीही चला. पण तिथे घर दाखवायला कोणी येणार नाही, सांगून ठेवते.”

काकू धमक्या देणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी बदलापूरला फोन केला, लेकीने शिलाई मशीन काढून खोली रिकामी करते म्हणून सांगितलं, आणि जायचं ते काम संपल्यावर असं ठरलं. मी दादाला कळवलं. तो म्हणाला, “बघू, त्यांचा राग उतरेल.” घरात कोणी राहणारं नसेल तर ते घर टिकत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण अध्यक्षाने मंजूर मुद्दा परत कसा घ्यायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दरम्यान एक वेगळीच अडचण उभी राहिली होती. गॅलरीला लोखंडी ग्रिल होतं. ते आजोबांनी बसवलेलं, म्हणजे मूळचं नव्हे. मूळचा कठडा लाकडी होता आणि तो किडला म्हणून काढला. आर्किटेक्टला तो पुन्हा करायचा होता. पण कसा? नकाशा नाही, एखादा तुकडा नाही.

“तुकडे होते ना,” काका म्हणाले. “बंबात घातले. चांगलं सागवान. पाणी झकास तापायचं.”

आर्किटेक्टने क्षणभर डोळे मिटले.

नमुना कोणाला आठवतोय का ते पाहिलं. काका म्हणाले, कातीव दांडे होते, मध्ये फुगीर. दादा म्हणाला, छे, फुलीफुलीची जाळी होती, मी त्यात डोकं अडकवलं होतं. पुण्याच्या आत्याला फोन केला तर ती म्हणाली, साध्या उभ्या पट्ट्या होत्या, आणि डोकं दादाचं अडकलं नव्हतं, माझं अडकलं होतं. तिघांनाही पूर्ण खात्री होती.

“फोटो,” आर्किटेक्ट म्हणाली. “एवढ्या पिढ्यांत घरासमोर कोणीतरी फोटो काढलाच असेल.”

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी आवाहन टाकलं. या ग्रुपवर एरवी शुभ सकाळ आणि गुडघेदुखीवरचे उपाय येतात. दोन दिवसांत फोटोंचा पाऊस पडला. लग्नाचे, मुंजीचे, डोहाळजेवणाचे. नवीन स्कूटरसमोर उभे असलेले धाकटे काका, बारीक मिशीचे. मॅट्रिक झालेली आत्या, हातात गुलाब. पणजोबांचा पगडीतला एक, जो स्टुडिओतला निघाला आणि कामाचा नव्हता. आर्किटेक्टने सगळे मोठे करून छापून आणले आणि तळमजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पसरले. दादा, काका, ती आणि मी, चौघं गुडघ्यांवर बसून बघू लागलो.

घर दिसत होतं. कौलं दिसत होती, जिना दिसत होता, गॅलरीचे खांबही दिसत होते. कठडा दिसत नव्हता.

लग्नाच्या फोटोत कठड्यावर चार गोधड्या होत्या. मुंजीच्या फोटोत लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी. स्कूटरच्या फोटोत दोन चादरी, एक पंचा आणि उशांची रांग. डोहाळजेवणाला नऊवारी लुगडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्यांच्या वर डोकावणाऱ्या सुपांत काहीतरी पांढरं. दिवाळीच्या फोटोत गाद्या. आत्याच्या फोटोत कठडा मोकळा असेल असं वाटलं, तिथे आजोबांचं धोतर होतं.

“हे काय आहे?” आर्किटेक्ट म्हणाली. “तुमच्याकडे रोज धुणं असायचं?”

यामागचं कारण काकांनी सांगितलं आणि ते तसं सरळ होतं. लग्नं आणि मुंजी उन्हाळ्यात, वाळवणही उन्हाळ्यात. दिवाळीआधी गाद्यांना ऊन द्यायचं. त्यातूनही एखाद्या दिवशी कठडा मोकळा असलाच तर आजी तो मुद्दाम झाकायची, कारण त्याचा रंग उडाला होता. “फोटोवाला आला की तिचं पहिलं वाक्य, आधी कठडा झाका रे! उघडा कठडा चारचौघांत बरा दिसत नाही म्हणायची. ठेवणीतली गोधडी त्यासाठी वेगळी होती.”

म्हणजे ज्या ज्या दिवशी कठड्याची नोंद होणं शक्य होतं, त्या त्या दिवशी आमच्या माणसांनी तो काळजीपूर्वक झाकला होता. पिढ्यान्‌पिढ्या, न चुकता.

काकू जिना उतरून आल्या होत्या. सणवार नसताना. त्या दारातल्या खुर्चीत बसल्या आणि फोटोंकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आर्किटेक्टला विचारलं,

“अगं, तू म्हणतेस ना, पुराव्यात असेल तेच ठेवायचं?”

“हो, काकू.”

“आणि पुराव्यात नसेल ते?”

“ते आपल्या मनाने करायचं नाही.”

“मग यात कठडा कुठाय?”

“कुठेच नाही.”

“आणि गोधडी?”

आर्किटेक्टने एकदा सगळ्या फोटोंवरून नजर फिरवली आणि ती हसू लागली. काकाही हसू लागले, मग दादाकडे पाहून थांबले.

“प्रत्येक फोटोत आहे,” आर्किटेक्ट म्हणाली.

“मग जुनं रूप कोणतं, सांग.”

“काकू, हा वकिली मुद्दा झाला,” दादा म्हणाला.

“नाही,” आर्किटेक्ट म्हणाली. ती आता हसत नव्हती. “मुद्दा बरोबर आहे. या घराच्या दर्शनी बाजूचा सगळ्यात जुना आणि सलग वापर हा आहे. एवढा भक्कम पुरावा माझ्याकडे आतल्या एकाही खोलीचा नाही. तो मी अहवालात घेणार. आणि अहवालात घेतला की तुम्हाला तो बंद करू देणं मला जमणार नाही.”

“गोधडी म्हणजे वास्तू आहे का?”

“वास्तू नाही. पण वास्तू कशासाठी होती, ते आहे.”

दादाने सगळे फोटो गोळा केले, पिशवीत घातले आणि म्हणाला, “मी घरी नीट बघतो. एकात तरी असेल.” तो रविवार होता. पुढचा आठवडाभर त्याची बायको मला फोन करून सांगत होती की जेवणाच्या टेबलावर फोटो पसरलेत, भिंग आणलंय, आम्ही सगळे मांडीवर ताटं घेऊन जेवतोय.

पुढच्या रविवारी तो आला तो जिना दोन-दोन पायऱ्या चढत. वर मालवणी मावशी काकूंशी बोलत बसल्या होत्या. गॅलरी सुतारांच्या ताब्यात असल्याने यंदा मिरची कुठे घालायची, हा त्यांचा प्रश्न होता. करी रोडला त्यांच्या बहिणीचा एकविसाव्या मजल्यावर फ्लॅट होता, पण तिथे मिरची घातली की वाऱ्याने उडून खालच्यांच्या गाड्यांवर पडते, अशी तक्रार आली होती.

“सापडला,” दादा म्हणाला. “हे बघा. वरातीचा फोटो. बँडवाल्यांच्या मागे. उभे दांडे, मध्ये फुगीर, वर सपाट पट्टी. आणि त्याच्यावर काहीही नाही! कोरा कठडा!”

फोटो हातोहात फिरला. कठडा खरोखरच स्पष्ट होता. काका म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं, कातीव दांडे?” काकूंनी चष्मा लावला, पाहिलं आणि फोटो मावशींकडे दिला. मावशींनी तो हात लांब करून धरला.

“ह्यो तर आमच्या चाळीचो कठडो,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आमच्या चाळीचो, रे बाबा. ह्यो बघ नळ. ह्यो नळ आमचो. तुमचा घर फोटोवाल्याच्या पाठीमागे ऱ्हवला. फोटोवालो तुमच्या जिन्यात उभो असतलो.”

दादा फोटो घेऊन गॅलरीत गेला, त्याने परांचीवरून वाकून समोर पाहिलं, फोटोत पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं. समोरच्या चाळीचा नळ तिथेच होता. तो परत आत आला आणि खुर्चीत बसला.

मावशींनी सभेची हकिगत ऐकलेली होती. त्यांनी ती संधी सोडली नाही. “आणि काय रे, गॅलरी मोकळी ठेवूची म्हणान सांगलंस? घरावर बोर्ड लागलो म्हणान ऊन काय तुझ्या बापाचा झाला?”

“मावशी, तसं नाही...”

“मगे कसा, ता सांग माका.”

काकूंनी दादापुढे पाणी ठेवलं, वर तिळाची वडी ठेवली. वडी खाऊन झाल्यावर तो म्हणाला, “ठीक आहे. पण एक मुद्दा.”

“बोल.”

“निळं प्लास्टिक नको. ताडपत्री नको, प्लास्टिकचे चिमटे नकोत. सुती कापड असेल तरच.”

“प्लास्टिकवर पापड घामेजतो,” काकू म्हणाल्या. “आमच्याकडे कोणी घालतच नाही. अजून?”

पुढच्या सभेत दादाने स्वतःच मुद्दा मांडला की दर्शनी गॅलरीचा परंपरागत वापर चालू राहावा, आणि तो अशा आवाजात मांडला की नव्याने आलेल्या एका सभासदाला ही कल्पना त्याचीच वाटली. मी इतिवृत्तात फक्त ठराव लिहिला. काकूंनी बदलापूरला फोन करून सांगितलं की खोलीत पुन्हा शिलाई मशीन ठेवायला हरकत नाही. लेक म्हणाली, “मला माहीत होतं, म्हणून मी मशीन काढलंच नव्हतं.”

कठड्याचं काय करायचं हे आर्किटेक्टने तिच्या तत्त्वाप्रमाणे सोडवलं. जुना नमुना माहीत नाही, तर जुन्याचं सोंग करायचं नाही. साधे चौकोनी उभे दांडे, नवं लाकूड, बघणाऱ्याला नवं म्हणून कळेल असं. काकूंची एकच मागणी होती: वरची पट्टी रुंद हवी आणि कडा गोल हव्यात, म्हणजे गोधडी सटकणार नाही आणि फाटणार नाही. सुताराने विचारलं, किती रुंद? काकूंनी आतून एक गोधडी आणून त्याच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, “ही बसेल इतकी.” सुतार ती खांद्यावर घेऊन दुपारभर काम करत होता.

दाराशेजारी माहितीचा फलक लागायचा होता. मजकूर माझ्याकडे आला. मी माहीत असलेलं तेवढंच लिहिलं: घर कोणाच्या काळचं, लाकूड कोणतं, गॅलरीच्या मूळ कठड्याचा नमुना उपलब्ध नाही, सध्याचा कठडा नवा आहे, उन्हाळ्यात वाडीचं वाळवण या गॅलरीत घातलं जातं. काकूंना वाचून दाखवलं.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “शेवटी लिही, हात लावू नये.”

“असं नाही लिहायचं,” दादा म्हणाला. “लोकांनी वास्तूला हात लावावा, जवळून बघावी. हल्ली तसंच असतं.”

“वास्तूला लावू देत की. मिरचीला लावू नये. मागे एकाने लावला आणि डोळे चोळले. अर्धा तास मोरीत उभा होता बिचारा.”

फलकावर ते आलं नाही. पण काकू गॅलरीतून ओरडून सांगतात, त्यामुळे तसं अडलेलं नाही.

यंदाची होळी झाली आणि गॅलरी भरली. पहिला मान मावशींच्या मिरचीला मिळाला, मागच्या वर्षीचं राहिलं होतं म्हणून. मग पापड, मग कुरडयांचा चीक. चीक शिजवायच्या दिवशी वाटी घेऊन कोण कोण येतं हे पाहिलं तर ट्रस्टच्या वार्षिक सभेपेक्षा उपस्थिती जास्त असते. आर्किटेक्टही आली होती, कामासाठी नव्हे. ती आता जिन्यातूनच विचारते, “काकू, आज काय?” रविवारचे टोपीवाले लोक येतात तेव्हा माहिती सांगणारी मुलगी त्यांना कठड्याची हकिगत सांगते. काकू वरून दुरुस्त्या करतात. कधी एखाद्याला वर बोलावून चादरीचं दुसरं टोक धरायला लावतात, ऊन सरकलेलं असतं म्हणून. लोक आनंदाने धरतात.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी वर बसले होते तेव्हा दादा आला. हातात कापडी पिशवी होती, आणि ती तो थोडी मागे धरून उभा होता.

“काय रे, ठाण्याहून इतक्या लवकर?” काकूंनी विचारलं.

“सहज.”

“पिशवीत काय आहे?”

“बेडगी मिरची. हिने दिलीय.” तो घसा खाकरून म्हणाला, “आमच्या समोरही टॉवर झालाय. बाल्कनीत काही वाळत नाही.”

काकूंनी पिशवीत हात घालून एक मिरची मोडून पाहिली. ती मोडली नाही, वाकली.

“ओली आहे. तीन उन्हं लागतील. आज जागा नाही, उद्या पापड्या आहेत. गुरुवारी घालू.”

“गुरुवारी? म्हणजे मला पुन्हा यावं लागेल?”

“ये की. जेवायलाच ये.”

“काकू, मी अध्यक्ष आहे.”

“म्हणून तर गुरुवार. नाहीतर पुढचा आठवडा होता.”

मावशी आपल्या मिरच्या परतत होत्या. त्यांनी मान वर न करता दादासाठी थोडं सरकून घेण्याची तयारी दाखवली, पण काकूंनी ती मोडून काढली. क्रम म्हणजे क्रम. मग दादाला परत पाठवण्यापेक्षा त्यांनी दुसरं काम काढलं. देठं खुडून ठेवली तर गुरुवारी वेळ वाचेल. काकांनी आत वर्तमानपत्र पसरलं, पिशवी उपडी केली, आणि दोघं समोरासमोर मांडी घालून बसले. थोड्याच वेळात शिंका सुरू झाल्या. आधी काकांच्या, मग दादाच्या, मग दोघांच्या एकदम. खाली जमलेल्या घोळक्यात माहिती सांगणारी मुलगी बोलता बोलता थांबली आणि वर बघून म्हणाली, “या घरात आजही कुटुंब राहतं.”

“राहतंय हो, राहतंय,” काकू कठड्यावरून म्हणाल्या, आणि चादरीचं टोक ओढून उन्हात घेतलं.